हार्वर्डचा प्रवेश : शक्यता किती, खर्च किती?

दहावी-बारावीच्या हुशार मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांपुढे अलीकडे एक प्रश्न वरचेवर येतो. 'सर, अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठात पदवीसाठी अर्ज करू का?' विचारणारी मुलगी गणितात चांगली असते, अवांतर वाचन भरपूर असते आणि घरची परिस्थिती बेताची असते. तिने दोन आकडे कुठेतरी वाचलेले असतात. आपणही वाचलेले असतात. प्रवेशाची शक्यता शेकडा तीन-चार, आणि वर्षाचा खर्च पाऊण कोटी रुपयांच्या घरात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की उत्तर आपोआप तयार होते : 'तो आपला प्रांत नाही.'

दोन्ही आकडे खरे आहेत. पण ते ज्या प्रश्नांची उत्तरे आहेत, ते प्रश्न या मुलीचे नाहीत. शेकडा तीन-चार हे प्रमाण आलेल्या सगळ्या अर्जांचे आहे. पाऊण कोटी ही किंमत ज्याला कसलीच मदत मिळत नाही अशा कुटुंबाची आहे. एखाद्या विशिष्ट मुलीची शक्यता आणि एखाद्या विशिष्ट घराला पडणारा खर्च या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या कशा काढायच्या, निदान त्यांच्याविषयी विचार कसा करायचा, हे या लेखात पाहू या.

उदाहरणासाठी आम्ही हार्वर्ड विद्यापीठ निवडले आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज येथे १६३६ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आपल्याकडे सर्वांना नावाने ठाऊक आहे. शिवाय त्याच्या प्रवेशपद्धतीवरून एक मोठा खटला चालला. त्यात एरवी कपाटबंद राहणारी पुष्कळ माहिती न्यायालयापुढे आली. त्यामुळे अंदाजाऐवजी आकड्यांच्या आधारे बोलता येते. येथे आपण फक्त चार वर्षांच्या पदवी-अभ्यासक्रमाचा विचार करणार आहोत. पदव्युत्तर आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांचे नियम वेगळे आहेत.

छेद वाढला की टक्का घसरतो

२०२० सालच्या वसंतात हार्वर्डकडे ४०,२४८ अर्ज आले होते आणि १,९८० जणांना प्रवेश देऊ करण्यात आला. प्रमाण शेकडा ४.९. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, ५७,४३५ अर्ज आले आणि १,९६८ जणांची निवड झाली. प्रमाण शेकडा ३.४. एका वर्षात शक्यता जवळजवळ एक-तृतीयांशाने घटली, असे कोणीही म्हणेल.

आता अंश आणि छेद वेगवेगळे पाहा. अंशात फक्त १२ चा फरक आहे. छेद मात्र ४३ टक्क्यांनी फुगला आहे. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी 'सॅट' ही प्रवेशपूर्व परीक्षा ऐच्छिक करण्यात आली होती. परीक्षेचे गुण पाठवायचे नाहीत म्हटल्यावर एरवी अर्ज न करणाऱ्या हजारो मुलांनी अर्ज केले. शिवाय अमेरिकेत एकच सामायिक अर्ज भरून तो अनेक महाविद्यालयांना पाठवता येतो. त्यामुळे आणखी एक अर्ज पाठवणे फारसे कष्टाचे राहिलेले नाही. पुढे हार्वर्डने ही परीक्षा पुन्हा सक्तीची केली. २०२५ मध्ये अर्ज ४७,८९३ वर आले, २,००३ जणांना प्रवेश देऊ केला गेला आणि टक्का ४.२ वर चढला.

२०२० मध्ये ज्या मुलीची निवड होण्यासारखी होती, तिची शक्यता २०२१ मध्ये थोडी कमी झाली असेल. पण ती एक-तृतीयांशाने घटली असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. वाढलेल्या अर्जांपैकी किती जण तिच्या तोडीचे होते, हे टक्का सांगत नाही.

छेदाचा हाच खेळ आपल्याकडेही दिसतो. २०२४ मध्ये देशभरच्या आय. आय. टी. मध्ये मिळून १७,७४० जागा होत्या. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला बसलेल्या १,८०,२०० मुलांच्या मानाने हे प्रमाण शेकडा दहाच्या जवळ येते. त्या परीक्षेत पात्र ठरलेल्या ४८,२४८ मुलांच्या मानाने ते ३७ होते. आणि आधीच्या जेईई मेनला बसलेल्या सुमारे १४ लाख मुलांच्या मानाने जेमतेम सव्वा. जागा त्याच, पण टक्के तीन, आणि तीनही बरोबर. म्हणून 'शक्यता किती टक्के?' असे कोणी सांगितले की 'कोणापैकी?' हा प्रश्न लगेच विचारायला हवा.

एक सरासरी, अनेक गट

समजा, राज्याचा दहावीचा निकाल ९५ टक्के लागला. म्हणून प्रत्येक मुलाची उत्तीर्ण होण्याची शक्यता ९५ टक्के होती असे आपण म्हणत नाही. वर्गातल्या पहिल्या दहांबद्दल आपल्याला शंका नसते आणि शेवटच्या दोघांची काळजी असते. सरासरीच्या पोटात निरनिराळे गट असतात हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असते. हार्वर्डच्या टक्क्याला मात्र आपण ही समज लावत नाही.

२०२१ चेच आकडे फोडून पाहू. हार्वर्डकडे दोन वेळा अर्ज करता येतो : नोव्हेंबरच्या सुरुवातीला किंवा जानेवारीच्या सुरुवातीला. लवकर आलेले अर्ज १०,०८६ होते, त्यांतून ७४७ जणांची निवड झाली. हे प्रमाण शेकडा ७.४. उरलेल्या ४७,३४९ अर्जांतून १,२२१ जण निवडले गेले, शेकडा २.६. मग लवकर अर्ज केला की शक्यता तिप्पट होते का? येथे घाई नको. लवकर अर्ज करणाऱ्यांत तयारीच्या मुलांचे प्रमाण मोठे असते, आणि विद्यापीठ ज्यांना आधीपासूनच घेऊ पाहत आहे अशीही बरीच मुले असतात. फरक तारखेमुळे पडला की माणसांमुळे, हे नुसत्या दोन टक्क्यांवरून ठरत नाही.

विद्यापीठ ज्यांना आधीपासून घेऊ पाहते ती मुले कोण? वर उल्लेखिलेल्या खटल्यात हे उघड झाले. अशा चार प्रकारच्या मुलांना झुकते माप मिळते : क्रीडासंघांसाठी हेरलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदार वगैरे कारणांनी अधिष्ठात्यांच्या खास यादीत आलेली मुले, आणि प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले. या साऱ्यांचे अर्जदारांतले प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होते. निवड झालेल्यांत मात्र ती सुमारे ३० टक्के होती. हेरलेल्या खेळाडूंपैकी ८६ टक्के निवडले गेले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी जवळजवळ ३४ टक्के, तर ज्यांचे आईवडील तेथे शिकलेले नव्हते त्यांच्यापैकी सुमारे ६ टक्के. हे आकडे २०१० ते २०१५ या काळात झालेल्या निवडींचे आहेत.

याचा उरलेल्यांवर काय परिणाम होतो, ते ठोकळ हिशेबाने पाहू. समजा अर्जदार १,००० आणि जागा ६०. म्हणजे सरासरी ६ टक्के. खास गटात ५० अर्जदार आहेत आणि त्यांना ६० पैकी ३० टक्के, म्हणजे १८ जागा मिळाल्या. त्या गटाची शक्यता झाली ३६ टक्के. उरलेल्या ९५० जणांना ४२ जागा. त्यांची शक्यता ४.४ टक्के. सहा टक्के ही शक्यता दोहोंपैकी कोणत्याच गटाची नाही. फलकावर मात्र सहाच लिहिलेले असते.

२०२३ साली राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी हार्वर्डसह बारा अतिनिवडक संस्थांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सॅटसारख्या परीक्षेत सारखेच गुण असलेली दोन मुले घेतली, तर सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतले मूल अशा संस्थेत पोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय घरातल्या मुलाच्या दुपटीहून अधिक होती. त्याच वर्षी २९ जून रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या खटल्याचा निकाल देऊन प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचे झुकते माप मात्र त्या निकालाने हटले नाही.

आपल्या मुलीच्या दृष्टीने यातून एक स्पष्ट गोष्ट निघते. तिचा संदर्भगट सगळे अर्जदार हा नाही. खास गट वगळल्यामुळे तिची शक्यता फलकावरच्या टक्क्याहून खाली येते. दुसरीकडे, हौसेने अर्ज टाकलेले हजारो जण वगळले तर ती वर जाते. या दोन्ही दुरुस्त्या करूनही शक्यता मोठी होत नाही हे तिला प्रामाणिकपणे सांगायलाच हवे.

पैकीच्या पैकी गुण असूनही

'मग गुण चांगले असले की झाले ना?' हा पुढचा प्रश्न. २०१५ साली निवड झालेल्या तुकडीसाठी अमेरिकेतून सुमारे २६,००० अर्ज आले होते. त्यांपैकी ३,५०० जणांना सॅटच्या गणितात पैकीच्या पैकी गुण होते. २,७०० जणांना भाषेत पैकीच्या पैकी होते. आणि शाळेतल्या गुणांची सरासरी सर्वोच्च असलेले ८,००० हून अधिक होते. जागा सुमारे १,६००. म्हणजे केवळ गणितातल्या पूर्ण गुणांवर प्रवेश द्यायचा ठरवला तरी निम्म्याहून अधिक मुले बाहेर राहतील.

जेथे गुणांची पट्टी वरच्या टोकाला जाऊन संपते, तेथे ती पट्टी वरच्या मुलांतला फरक मोजू शकत नाही. आपल्या प्रयोगशाळेतला शंभर अंशांपर्यंतचा तापमापक वितळत्या शिशाचे आणि वितळत्या तांब्याचे तापमान सारखेच दाखवील, तसे हे आहे. म्हणून इतर मापे येतात. हार्वर्डमध्ये अर्जदाराला अभ्यास, अभ्यासेतर कार्य, खेळ आणि व्यक्तिगत गुण या चार बाबतींत श्रेणी दिली जाते, शिवाय एक एकंदर श्रेणी असते. नंतर सुमारे चाळीस जणांची समिती चर्चा करून मतदानाने निवड करते.

व्यक्तिगत गुणांच्या या मापाला इतिहास आहे, आणि तो फारसा गौरवाचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डचा प्रवेश मुख्यतः परीक्षेवर होत असे. परीक्षेत ज्यू मुले मोठ्या संख्येने उत्तीर्ण होऊ लागली. तेव्हा १९२२ मध्ये अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी त्यांच्या संख्येवर उघड मर्यादा घालण्याचा विचार पुढे केला. तो प्राध्यापकांनी मान्य केला नाही. पुढे १९२६ च्या सुमारास अर्जदाराचे 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' पाहण्याची पद्धत आली, अर्जासोबत छायाचित्र मागितले जाऊ लागले, आणि जे उघड नियमाने झाले नव्हते ते आडवाटेने झाले.

याच दशकात आपले दामोदर धर्मानंद कोसंबी तेथे विद्यार्थी होते. गोव्यात जन्मलेले हे गणितज्ञ आणि इतिहासकार १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. वडील धर्मानंद बौद्ध ग्रंथांच्या संपादनासाठी हार्वर्डला जात, त्यामुळे दामोदरांचे शालेय शिक्षणही केंब्रिजमध्ये झाले होते. दूरच्या होतकरू मुलांसाठी वाट काढण्याचा प्रयत्न नंतरचा. १९३० च्या दशकात अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी राष्ट्रीय शिष्यवृत्त्या सुरू केल्या आणि त्यांच्या निवडीसाठी सॅटचा उपयोग केला. ज्या परीक्षेला आज अनेक जण श्रीमंतांच्या शिकवणीची परीक्षा म्हणतात, ती येथे गावोगावची हुशार मुले शोधण्यासाठी आणली गेली होती. कोणतेही माप कोणाच्या हातात आणि कशासाठी आहे यावर त्याचा न्याय-अन्याय ठरतो.

निवडीत अशी अनेक मापे आणि माणसांची मते मिसळली की निकाल कोणत्याही एका मुलासाठी आधी वर्तवता येत नाही. नकार आला याचा अर्थ 'तू कमी पडलीस' असा होत नाही. पुरेसे योग्य उमेदवार जागांच्या अनेक पट होते, एवढाच त्याचा अर्थ.

दहा ठिकाणी अर्ज केला तर?

काही जण सुचवतात : शक्यता प्रत्येक ठिकाणी पाच टक्के असेल तर दहा ठिकाणी अर्ज करावा, म्हणजे पन्नास टक्के झाली. ही बेरीज चुकीची आहे, कारण त्याच न्यायाने एकवीस ठिकाणी अर्ज केल्यास १०५ टक्के होतील. बरोबर रीत उलटी आहे. एका ठिकाणी नकार मिळण्याची शक्यता ०.९५. दहाही ठिकाणी नकार मिळण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.६०. म्हणून निदान एके ठिकाणी होकार मिळण्याची शक्यता ४० टक्के.

पण हे ४० टक्केही एका अटीवर अवलंबून आहेत. दहाही निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. दहा फासे टाकले तर एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. येथे मात्र दहाही ठिकाणी तीच गुणपत्रिका, तोच निबंध, शिक्षकांची तीच पत्रे जातात. एका समितीला जे कमी वाटले ते दुसरीलाही वाटण्याचा संभव असतो. म्हणून बहुतेक मुलांची खरी शक्यता ४० टक्क्यांहून बरीच कमी असते. यादीत अतिनिवडक नसलेली, प्रवेश मिळण्याची चांगली शक्यता असलेली ठिकाणेही का हवीत, याचे उत्तर या एका घातांकात आहे.

फलकावरची किंमत आणि खिशातला खर्च

आता पैशांकडे वळू. २०२५-२६ या वर्षासाठी हार्वर्डची शिकवणी फी ५९,३२० डॉलर आहे. इतर फी, राहणे आणि जेवण धरून एकूण ८६,९२६ डॉलर. डॉलरचा दर हिशेबापुरता ८५ रुपये धरला तरी वर्षाला सुमारे ७४ लाख रुपये आणि चार वर्षांचे तीन कोटींच्या आसपास. प्रवासखर्च आणि पुस्तके वेगळी. हा आकडा वाचून कोणीही मागे फिरेल.

पण ही दुकानाच्या पाटीवरची किंमत झाली. २०२३-२४ मध्ये पाटीवरची किंमत ७९,४५० डॉलर होती. त्या वेळी हार्वर्डच्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ५५ टक्क्यांना मदत मिळत होती. मदत मिळालेल्या कुटुंबांनी सरासरीने भरले १५,७०० डॉलर, म्हणजे पाटीवरच्या किमतीच्या एक-पंचमांश. उरलेल्या कुटुंबांनी जवळपास पूर्ण रक्कम भरली. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोन मुलांचा खर्च इतका वेगळा असू शकतो.

हे कसे शक्य होते? पहिले कारण म्हणजे विद्यापीठाचा कायम निधी. जून २०२४ अखेर तो सुमारे ५,३२० कोटी डॉलर होता. दुसरे कारण मदतीची पद्धत. हार्वर्ड आणि तिच्या जोडीच्या आयव्ही लीगमधल्या संस्था गुणवत्तेची किंवा खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत. मदत केवळ गरजेवर ठरते. कुटुंबाचे उत्पन्न, मालमत्ता, भावंडे यांची माहिती घेऊन हे घर किती देऊ शकेल ते काढतात, आणि एकूण खर्चातून ती रक्कम वजा केली की उरते ती मदत. ही मदत अनुदानाच्या रूपाने असते. ती फेडावी लागत नाही.

ज्या उत्पन्नाखाली पालकांनी काहीच भरायचे नाही, ती मर्यादा २००४ मध्ये वर्षाला ४०,००० डॉलर होती. २००६ मध्ये ती ६०,००० झाली. पुढे वाढत २०२३ मध्ये ८५,००० वर पोचली. मार्च २०२५ मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे २०२५-२६ पासून १ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या कुटुंबांकडून शिक्षण, राहणे, जेवण, आरोग्यविमा, प्रवास यांपैकी कशाचाच पैसा घेतला जात नाही. २ लाख डॉलरपर्यंतच्या कुटुंबांना शिकवणी फी नाही. एक लाख डॉलर म्हणजे वरच्याच दराने वर्षाला ८५ लाख रुपये. आपल्या शाळांत येणारी जवळजवळ सगळी कुटुंबे या रेषेच्या खालीच आहेत.

ही मदत परदेशी विद्यार्थ्यांनाही त्याच नियमांनी मिळते. आणि 'हिला पैसे लागतील' या कारणाने अर्ज बाजूला ठेवला जात नाही. परदेशी मुलांच्या बाबतीतही असे करणाऱ्या संस्था थोड्याच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम. आय. टी. आणि अ‍ॅमहर्स्ट कॉलेज ही त्यांतली काही नावे. इतर बऱ्याच ठिकाणी परदेशी अर्जदाराने मदत मागितली की त्याची शक्यता कमी होते. म्हणून प्रत्येक संस्थेबाबत दोन प्रश्न वेगळे विचारावेत : मदत मागितल्याचा निवडीवर परिणाम होतो का? आणि निवड झाल्यास संपूर्ण गरज भागवली जाते का?

विद्यापीठाच्या हाताबाहेरच्याही काही गोष्टी असतात. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने हार्वर्डची परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता काढून घेण्याचा आदेश काढला आणि न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. व्हिसा आणि राजकारण यांचा हा धोका पालकांशी बोलताना लपवू नये.

मग गरीब मुले कमी का?

गरिबांना फुकट असलेल्या संस्थेत गरीब मुले पुष्कळ असायला हवीत. तसे नाही. १९९० च्या आसपास जन्मलेल्या अमेरिकी मुलांच्या करविवरणांवरून २०१७ मध्ये निघालेल्या आकड्यांनुसार हार्वर्डच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६७ टक्के वरच्या वीस टक्के उत्पन्नाच्या घरांतले होते. तळाच्या वीस टक्क्यांतले पाच टक्क्यांहूनही कमी.

याचे एक कारण वर आलेले झुकते माप. लहानपणापासून मिळालेल्या शाळेतला फरक हे दुसरे आणि मोठे कारण. पण तिसऱ्या कारणाकडे आम्ही शिक्षकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. कॅरोलिन हॉक्सबी आणि क्रिस्टोफर अ‍ॅव्हरी यांनी अमेरिकेतल्या अत्यंत हुशार पण गरीब मुलांचा अभ्यास केला. त्यांपैकी बहुसंख्य मुले एकाही निवडक महाविद्यालयाकडे अर्जच करत नाहीत असे त्यांना आढळले. तेथे त्यांना घराजवळच्या साध्या महाविद्यालयापेक्षा कमी पैसे पडले असते, तरीही. ही मुले लहान गावांत विखुरलेली होती आणि अशा संस्थेत शिकलेला शिक्षक त्यांना क्वचितच भेटला होता. ज्या थोड्यांनी अर्ज केले ते श्रीमंत मुलांच्या बरोबरीने निवडले गेले आणि पदवीधरही झाले.

याहून बोलका प्रयोग मिशिगन राज्यातला आहे. सुसान डायनार्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यातली हुशार आणि गरीब मुले निवडून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला मिशिगन विद्यापीठाचे नेहमीचे माहितीपत्रक गेले. दुसऱ्या गटाला एक खास पत्र गेले : 'तुमची निवड झाल्यास चार वर्षे शिकवणी फी नाही, त्यासाठी उत्पन्नाचे फॉर्म भरायला नकोत.' पालकांना आणि मुख्याध्यापकांनाही कळवण्यात आले. पहिल्या गटातल्या २६ टक्के मुलांनी अर्ज केला, दुसऱ्यातल्या ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेतला तो पहिल्यातल्या १२ आणि दुसऱ्यातल्या २७ टक्के मुलांनी.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की पहिल्या गटातल्या बहुतेक मुलांनाही निवड झाल्यावर तेवढीच मदत मिळाली असती. पैसा वाढला नव्हता. आधी धूसर असलेली गोष्ट आधीच स्पष्ट करून सांगितली गेली, एवढाच फरक. ज्या मुलीला आपण 'तो आपला प्रांत नाही' असे म्हणतो, तिची शक्यता तीन-चार टक्के राहत नाही. ती शून्य होते, आणि ती आपण केलेली असते.

नकार आला तर किती बिघडते?

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अशा संस्थेत गेले नाही तर आयुष्य वाया गेले, असे मुलांना वाटू देणे बरे नव्हे. हार्वर्डचे पदवीधर सरासरीने जास्त कमावतात हे खरे. पण ते हार्वर्डमुळे, की हार्वर्ड मुळातच कर्तबगार मुले निवडते म्हणून? शेताच्या चांगल्या तुकड्यात नवे बियाणे पेरून पीक भरघोस आले, तर श्रेय बियाण्याचे की जमिनीचे, असा हा प्रश्न आहे.

स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी २००२ मध्ये यावर एक युक्ती केली. सारख्याच संस्थांकडे अर्ज केलेल्या आणि सारख्याच संस्थांनी निवडलेल्या मुलांची त्यांनी तुलना केली. त्यांतले काही अधिक निवडक संस्थेत गेले होते, काही कमी निवडक. पुढे दोघांच्या कमाईत सरासरीने फारसा फरक नव्हता. गरीब घरांतल्या मुलांना मात्र निवडक संस्थेचा फायदा झालेला दिसला. चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातही सरासरी कमाईत मोठा फरक आढळला नाही. परंतु कमाईच्या सर्वांत वरच्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता सुमारे दीडपट झाली होती.

दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर असे दिसते : बहुतेक हुशार मुले कोठेही चांगलीच राहतात, आणि ज्यांना घरून ओळखी, माहिती, आधार मिळत नाही त्यांना अशा संस्थेचा उपयोग अधिक होतो. नेमकी तीच मुले अर्ज करत नाहीत.

वर्गात करून पाहण्यासाठी

आठवी-नववीच्या वर्गात हा विषय टक्केवारीचा पाठ म्हणून घेता येईल. एक हजार अर्जदारांचे वरचे उदाहरण फळ्यावर मांडा आणि खास गटाच्या जागा १८ ऐवजी ६ केल्या तर दोन्ही गटांची शक्यता किती होईल, ते मुलांना काढू द्या. उत्तरे १२ आणि ५.७ टक्के यावीत. मोठ्या वर्गात दहा जणांना एकेक फासा देऊन 'निदान एकाला सहा पडण्याची' शक्यता आधी हिशेबाने काढा, ती सुमारे ८४ टक्के येते. मग प्रत्यक्ष वीस वेळा फासे टाकून ताडून पाहा. नंतर दहांऐवजी एकच फासा टाकून तो सर्वांचा म्हणून मोजा. शक्यता एकदम एक-षष्ठांशावर येते. स्वतंत्र आणि एकमेकांशी बांधलेल्या घटनांतला फरक मुले यावरून चटकन पकडतात.

आणि एखादी मुलगी खरोखरच विचारायला आली, तर तिच्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज देणारा गणक असतो. तो तिच्या पालकांसोबत बसून घरच्या खऱ्या उत्पन्नाने भरावा. अर्जाची फी परवडत नसेल तर माफी मागता येते, हे सांगावे. आणि जवळच्या चांगल्या महाविद्यालयांचे अर्ज त्याच निष्ठेने भरून घ्यावेत.

हार्वर्डच्या अर्जासोबत दोन शिक्षकांची पत्रे लागतात. त्या मुलीला कोणता प्रश्न सोडवायला तीन दिवस लागले आणि ती का थांबली नाही, हे तिच्या शिक्षकांखेरीज कोणीच लिहू शकत नाही. तिची शक्यता किती टक्के, हे सांगणे आपल्या हाती नाही. ते पत्र लिहिणे आपल्या हाती आहे.